शेवटच्या नावावरचा टेप-स्टॉप

"टॅग मध्ये नको, दादा. शेवटी टाका," जयश्रीताई म्हणाल्या, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा होतो. भाव करताना मी कधी बसून बोलत नाही. उभं राहिलं की समोरच्याला वाटतं, हा आता निघाला. मग तो थोडा नमतो.

पण निघून जाणार कुठे? स्टुडिओ माझ्याच घरात. विरारजवळ चंदनसारला आमचा वन बीएचके आहे, त्यातली बेडरूम म्हणजे स्टुडिओ. भिंतींना रजया ठोकल्यात, खिडकीत जुनी गादी उभी केलीय, कपाटाच्या जागी टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर. पलंग हॉलमध्ये गेला. रेकॉर्डिंग सुरू असलं की बायको कुकर लावत नाही आणि शेजारच्यांच्या मिक्सरला मी भिंतीवर बुक्क्या मारून गप्प करतो. मंडप डेकोरेटरकडे डोक्यावर स्पीकर वाहण्यापासून सुरुवात केली. सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, व्हिडिओ बघून शिकलो, कुणाच्या हाताखाली बसलो नाही. त्यामुळे माझ्या कामात कुणी बोट घातलं की डोकं फिरतं.

टॅग म्हणजे काय ते आधी सांगतो. हळदीच्या गाण्यांत मधूनच एका बाईचा घुमणारा आवाज येतो आणि डीजेचं किंवा स्टुडिओचं नाव सांगून जातो. तोच टॅग. ती आमची सही. सही नसलेलं गाणं अनाथ असतं. ज्याच्या पेनड्राइव्हमध्ये जातं, तो त्याचा बाप.

त्याआधीच्या सीझनला माझ्या एका गाण्याचं असंच झालं होतं. तीन आठवडे घालवून मी ते बनवलं होतं. टॅग सभ्यपणे शेवटी टाकला होता. आमच्याच भागातल्या एका डीजेने शेवट कापला, स्वतःचा टॅग तीन ठिकाणी चिकटवला आणि पूर्ण लग्नसराई ते वाजवलं. मी जाब विचारायला गेलो, तर चार माणसांत म्हणतो, "दादा, नाव शेवटी टाकलंत. शेवटच कापला जाणार ना?" लोक हसले. मी त्याची कॉलर धरली. त्याच्या पोरांनी मला बाजूला केलं. त्या दिवसापासून माझा नियम झाला होता, टॅग मध्येच टाकायचा, आवाजावर चढवून, कापायला गेलं तर गाणंच फाटेल असा.

आणि आता ही बाई शेवटी टाका म्हणत होती.

जयश्रीताई जवळच्या चांदीप गावच्या. शाळेत शिक्षिका. धाकट्या भावाचं, प्रतीकचं लग्न होतं. वडील पांडुरंग दोन वर्षांपूर्वी गेले होते. जयश्रीताईंना माझ्याकडून नेहमीचं धांगडधिंग्याचं गाणं नको होतं. त्यांना त्यांच्या धवलारणीचा आवाज हवा होता.

माझं मूळ घाटावरचं. धवलारीण म्हणजे काय, हे मला इथे येऊनही धड माहीत नव्हतं. इकडच्या आगरी लोकांच्या लग्नात भटजींइतकाच तिचा मान. ती गाणी म्हणत एकेक विधी पार पाडते. हळद लागण्याआधी ती गाण्यातून देवांना मांडवात बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते. ही बोलावणी झाल्याशिवाय नवऱ्यामुलाला हळद लावत नाहीत. ज्याचं नाव राहिलं, तो लग्नाला आला नाही असं धरतात.

त्यांच्या गावची धवलारीण ताराबाय. वय झालेलं, घशाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली होती. एका खोलीत, थांबत थांबत, अर्धा तास गाता येईल, पण भर मांडवात डीजेच्या शेजारी उभं राहून गाणं आता तिला जमणार नव्हतं. म्हणून रेकॉर्डिंग. प्रतीकच्या मित्रांना नाचायचं होतं, म्हणून खाली थोडा बीट. जयश्रीताई म्हणाल्या होत्या, "बाबांना तिच्याच आवाजात बोलावलं पाहिजे. आईने दुसरं काहीच मागितलं नाही."

हे सगळं मी ऐकलं होतं. समजलंही होतं. तरी वाद टॅगवरच घातला.

त्या म्हणाल्या, "देवाच्या आणि बाबांच्या नावांमध्ये तुमच्या स्टुडिओचं नाव कसं दिसेल, तुम्हीच सांगा."

मी सांगितलं नाही. मी सौदा केला. टॅग शेवटी टाकतो, पण करेक्शन एकच मिळेल, दोन नाही. करेक्शन म्हणजे गाणं ऐकून गिऱ्हाईक जे बदल सांगतं ते. एकदा बदल केला की विषय संपला, नंतर तक्रार नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाल्या. मीही हो म्हणालो. लेखी काही नव्हतं. माझ्या धंद्यात तोंडाचा शब्द चालतो, आणि तो मी आजवर पाळत आलोय असं मी सगळ्यांना सांगायचो.

रेकॉर्डिंगला ताराबाय सकाळी आली. सोबत जयश्रीताई. ताराबायने स्टूल नाकारलं, जमिनीवर मांडी घातली. मी माइकचा स्टँड खाली ओढला. पंखा बंद करावा लागतो, कारण माइक त्याचाही आवाज पकडतो. आम्ही तिघेही घामाने निथळत होतो. ती दोन ओळी गायची, पाणी प्यायची, काहीतरी बोलायची, परत गायची. मी हेडफोनचा एकच कान लावून बसलो होतो आणि डोळे स्क्रीनवर होते. आवाज लाल रेषेच्या वर जाऊ नये, एवढंच मी बघत होतो. दुपारी दुसरी पार्टी येणार होती. मला घाई होती.

आवाज मात्र काय होता. ऑपरेशनने चिरलेला, तरी सुराला चिकटलेला. मी कितीतरी गाणारे बघितलेत, दोन ओळींत चार ठिकाणी सूर दुरुस्त करावा लागतो. हिला एकाही ठिकाणी हात लावावा लागला नाही.

आधी दोन देव. मग जयश्रीताईंचे पणजोबा, आजोबा, आजी. सगळ्यांत शेवटी पांडुरंग. "मांडवान या, पांडुरंग बाबा," आणि मग शांतता. प्रत्येक नावानंतर ती अशीच थांबत होती, साधारण दोन श्वासांएवढं. स्क्रीनवर आवाज डोंगरासारखा दिसतो, शांतता सपाट रेषेसारखी. सहा डोंगर आणि त्यांच्यामध्ये मोकळी सपाट जागा. आमच्या वसई-विरारमध्ये मोकळी जागा दिसली की माणसाला बांधकाम सुचतं.

चार दिवसांत मी बीट बसवला आणि जयश्रीताईंना पाठवला. त्यांचा संध्याकाळी फोन आला. गाणं आवडलं होतं. पण नावांच्या खाली बीट अगदी बारीक करा, आणि थांब्यांमध्ये पूर्ण बंदच ठेवा, असं त्यांचं म्हणणं.

"आजींनी त्या दिवशी सांगितलं ना, तसंच," त्या म्हणाल्या.

ताराबायने काय सांगितलं होतं, ते मला आठवत नव्हतं. "हो हो, लक्षात आहे," मी म्हणालो. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण विचारणं म्हणजे आपण लक्ष दिलं नव्हतं हे कबूल करणं, आणि मी ते कबूल करणाऱ्यातला नाही.

करेक्शन करून दिलं. त्यांचा मेसेज आला, "आता अगदी बरोबर झालंय. आईला ऐकवलं. आता याला हात लावू नका."

इथे काम संपलं होतं. पुढचं सगळं मी स्वतःहून केलं.

हळदीला दोन दिवस होते. मी गाणं परत एकदा मोठ्या आवाजात लावलं आणि माझं डोकं फिरायला लागलं. माझा बीट दबलेला. मधे ती भोकं. शेवटी बिचारा टॅग, कापा म्हणून हात जोडून उभा. वाटलं, हे शेकडो लोकांपुढे वाजणार. तिथला डीजे ऐकणार. म्हणणार, हे काय अर्धवट केलंय? आणि परत तेच होणार, शेवट कापून दुसऱ्याच्या नावावर. बाई शाळेत पोरांच्या वह्या तपासतात, तशी माझी वही तपासली, असंही वाटलं. हा राग खरा होता. तो त्यांच्यावरचा नव्हता, माझं गाणं कापणाऱ्या त्या डीजेवरचा होता. पण त्या समोर होत्या आणि तो नव्हता.

माझ्याकडे तेव्हा इफेक्टच्या प्लगिनचा नवा संच आला होता. प्लगिन म्हणजे संगीताच्या मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. डीजे स्टेजवर उभा राहून बटणं फिरवून जी करामत करतो, तीच यात घरी बसून, माऊसने, हवी तिथे मोजून टाकता येते. त्यातले तीन प्रकार सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. पहिला फिल्टर. त्याने आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि हळूहळू वर येतो. दुसरा स्टटर. तो शब्दाचा एक तुकडा पकडून त्याला पटपट परत परत वाजवतो, अडकलेल्या कॅसेटसारखा. तिसरा टेप-स्टॉप. चालत्या टेपची वीज गेली की आवाज जाड होत होत जसा बसतो, तसा तो गाण्याला बसवतो. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग धाडकन बीट येतो. त्याला आम्ही ड्रॉप म्हणतो. पब्लिक तिथेच उड्या मारतं.

डीजेच्या व्याकरणात एक पक्का नियम आहे. ड्रॉपच्या आधीचा जो शेवटचा शब्द, त्यावर सगळ्यात मोठा इफेक्ट. मी तो नियम पाळला. देवांवर फिल्टर. पणजोबा, आजोबा, आजी यांच्यावर स्टटर, चढत्या क्रमाने. प्रत्येक थांब्यात माझा टॅग. आणि शेवटच्या नावावर आधी स्टटर, मग टेप-स्टॉप, मग टॅग, मग ड्रॉप. शेवटचं नाव कुणाचं आहे, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी ते मला नाव म्हणून दिसतच नव्हतं. ड्रॉपच्या आधीचा शब्द म्हणून दिसत होतं.

अर्ध्या तासात झालं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

जयश्रीताईंना कळवलं नाही. सरप्राइज आहे, अशी स्वतःची समजूत घातली. हळदीच्या दिवशी दुपारी स्वतः चांदीपला गेलो आणि पेनड्राइव्ह थेट डीजेच्या हातात दिला. खरं तर माझं तिथे काही काम नव्हतं. मला लोकांचे चेहरे बघायचे होते.

मांडव कापणी झालेल्या शेतात घातला होता. चार वाजले होते. प्रतीक पाटावर बसला होता. त्याच्या बाजूला आई, पुढ्यात तांदळाचं ताट. ताराबाय तिच्या मागे खुर्चीवर, गळ्याला रुमाल गुंडाळून. जयश्रीताईंनी मला पाहिलं, हसल्या, आणि कुणाला तरी मला सरबत द्यायला सांगितलं. मग डीजेला हात केला.

पहिल्या देवाचं नाव पाण्याखालून आलं. आईने मूठभर तांदूळ उचलले, थांब्याची वाट पाहिली, आणि थांबा आला तेव्हा त्यात माझा टॅग घुमला. तिने स्पीकरकडे पाहिलं. तांदूळ टाकले, पण उशिरा. थांबा कशासाठी असतो, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. नाव घेतलं की घरची बाई तेवढ्या वेळात तांदूळ टाकून त्या माणसाला आत घेते.

मला धावत जाऊन बंद करता आलं असतं. डीजेचं टेबल माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी सरबताचा ग्लास धरून उभा राहिलो. वाटलं, जाईल निभावून.

पणजोबांच्या नावावर पोरं हसली. आजोबांच्या नावावर मोठेही वळून बघायला लागले. आजीचं नाव तर शेवटी एखाद्या यंत्राच्या खडखडाटासारखं झालं. आणि मग शेवटचं नाव आलं. "मांडवान या, पां-पां-पां-पां-पां," स्कूटरच्या हॉर्नसारखं. मागची पोरं तसाच आवाज काढू लागली. मग टेप-स्टॉप. पांडुरंग हे नाव जाड होत, कण्हत, खाली बसलं. एखादा माणूस जिन्यावरून उतरताना कोसळावा तसं. मग माझ्या स्टुडिओचं नाव, स्वच्छ, घुमणारं. आणि धाडकन बीट. प्रतीकच्या मित्रांनी उड्या मारल्या, कारण ड्रॉपला उडी मारायची असते.

आईची मूठ मिटलेलीच होती. तांदूळ तिच्या हातात तसेच.

जयश्रीताईंनी जाऊन गाणं बंद करवलं. मग माझ्याकडे आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, मला ओरडणाऱ्यांची सवय आहे.

"हे काय आहे, दादा?"

आणि मी काय बोललो, ते लिहायला मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "करेक्शन एकच ठरलं होतं, ताई."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. मी आणखी बोलत होतो. फायनल पॉलिश असतंच, सगळे करतात, पब्लिकला आवडलं, पोरं नाचली बघा. माझा आवाज चढला होता. ज्यांच्या घरात येऊन मी बापाच्या नावाचा असा खेळ केला, त्यांच्यासमोर मी अटी सांगत होतो. प्रतीक पाटावरून माझ्याकडे बघत होता. नवऱ्यामुलाला उठता येत नाही, नाहीतर तो उठला असता, आणि बरोबरच होतं.

मागून ताराबाय बोलली. आवाज जेमतेम ऐकू येत होता. "बोलावला आनि दारातनं हाकलला," ती म्हणाली. माझ्याकडे बघूनही नाही. आईला सांगितल्यासारखं.



जयश्रीताईंनी एकच विचारलं. आजी गायल्या तेवढंच, साधं, आहे का? मी म्हटलं, घरी आहे. जाऊन यायला चाळीस मिनिटं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "थांबू आमी. नाव घेतल्याबिगर हलद नाय लागायची." तीनशे-चारशे माणसं, वाटलेली हळद, पाटावर मुलगा, सगळं थांबलं आणि मी बाइकला किक मारली.

घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग उघडलं. मूळ म्हणजे माइक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतचं सगळं, खोकल्यापासून पाणी पिण्याच्या आवाजापर्यंत. त्यातले गाण्याचे तुकडे मी आधी उचलले होते, मधलं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. आता कुठून कुठे कापायचं ते बघायला पहिल्या नावापासून लावलं. पहिलं नाव झालं, थांबा झाला, आणि ताराबाय बोलली. माझ्याशी.

"हितं मोकला ठेव बाला. कायबी वाजवू नको. मानसाला यायला वेल लागतो."

आणि माझा आवाज, जरा लांबून, "हो हो आजी, पुढचं घ्या."

मी ते परत लावलं. मग परत. शांत आवाजात, अगदी नीट सांगितलेलं. आजींनी सांगितलं ना तसंच, हे जयश्रीताई ज्याला म्हणत होत्या ते हे. मला कुणी सांगितलं नाही, असं मी बाइकवर येताना मनात घोकत आलो होतो. भांडायला तेवढा एकच मुद्दा उरला होता. तोही माझ्याच माइकने माझ्याविरुद्ध पकडून ठेवला होता.

तिथे माझी किती मिनिटं गेली, मला माहीत नाही. मग हात चालवले, सहा नावं आणि सहा थांबे जसेच्या तसे उचलले, कोणताही इफेक्ट नाही, बीट नाही, टॅग नाही. पेनड्राइव्हवर घेतलं आणि निघालो. जाताना हायवेला ट्रेलर आडवा झालेला. पोहोचलो तेव्हा चाळीसची ऐंशी मिनिटं झाली होती.

प्रतीकच्या अंगाला हळद लागली होती. बायका लावून झाल्या होत्या, पुरुष रांगेत होते.

जयश्रीताई मांडवाच्या तोंडाशी होत्या. त्यांनी सांगितलं ते एवढंच. भटजींची वेळ टळत होती. ताराबाय खुर्चीवरून उठून आईच्या शेजारी जमिनीवर बसली. आईच्या कानाशी तोंड नेऊन तिने नावं घेतली. गायली नाही, घसा साथ देत नव्हता. बोलली. प्रत्येक नावाला थांबली. आईने तांदूळ टाकले.

"म्हणजे झालं ना व्यवस्थित?" मी विचारलं. मला ते ऐकायचं होतं.

"आईचं झालं," त्या म्हणाल्या. "मला ऐकू नाही आलं. मी इथे पाहुण्यांना थांबवत होते."

मी पेनड्राइव्ह पुढे केला. त्यांनी तो घेतला, पदरात बांधला आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळल्या. मी जेवलो नाही. कुणी जेवायला सांगितलंही नाही, आणि चांदीपला लग्नघरातून कुणी न जेवता जात नाही.

पुढे आठवड्याभरात कुणीतरी मोबाईलवर काढलेली त्या प्रसंगाची क्लिप फिरायला लागली. पां-पां-पां, कोसळणारा आवाज, आणि मग माझा टॅग. लोकांना हसायला हवं असतं. ज्या डीजेची मी कॉलर धरली होती, त्याचा फोन आला. "दादा, या वेळी नाव बरोबर जागी टाकलंत," म्हणाला. मी फोन ठेवला. त्याच्याशी भांडायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं. स्टुडिओचं नाव मी नंतर बदललं. जुनं नाव म्हणूनच इथे लिहीत नाही.

ज्यांच्या ज्यांच्याकडे ती क्लिप दिसली, त्यांना मी स्वतः फोन करून ती काढून टाकायला लावली. एकेकाला विनवण्या केल्या. मला विनवण्या करता येतात, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांनी काढली असेल असं मी म्हणणार नाही.

महिन्याभराने जयश्रीताईंचा मेसेज आला. ताराबायने आता गाणं पूर्ण सोडलं होतं. त्यांना ते मूळ रेकॉर्डिंग हवं होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधल्या बोलण्यासकट. गावात पुढे कुणाला शिकायचं असेल तर उपयोगी पडेल, आणि आईलाही ऐकायचं होतं.

मी फाईल उघडली. पाठवायच्या आधी एक काम केलं. "हो हो आजी, पुढचं घ्या" हे जिथे होतं, तिथे माऊसने ते निवडलं आणि उडवलं. माझ्यासारख्याला दोन सेकंदांचं काम. दोन्ही बाजू अशा जोडल्या की जाणकारालाही सांधा कळला नसता. ताराबाय सांगते, थोडी शांतता, मग पुढचं नाव. जणू समोरचा माणूस मान खाली घालून ऐकत होता. मग फाईल पाठवली आणि बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला उत्तर आलं.

"दादा, यात तुमचा आवाज नाही. मी तिथेच बसले होते."

पुढे काही नाही. शिवी नाही, प्रश्न नाही. मी फोन टेबलावर पालथा ठेवला. बायकोने विचारलं काय झालं, तिच्यावर उगाच खेकसलो. मग तासाभराने तिला सगळं सांगितलं, हळदीपासून आतापर्यंत. ती म्हणाली, पाठवून टाक जसं आहे तसं. त्यांना माहीतच आहे, लपवतोस कुणापासून?

मी न कापलेली फाईल पाठवली. खाली लिहिलं, "चुकलो, ताई." आयुष्यात गिऱ्हाईकाला पाठवलेला माझा असा तो पहिला मेसेज. त्यांचं उत्तर आलं, "मिळालं." फाईल मिळाली की माफी, ते मी विचारलं नाही. त्यांच्या घरातली माणसं आता जेव्हा जेव्हा ते रेकॉर्डिंग लावतात, तेव्हा पहिल्या नावानंतर ताराबाय काय सांगते ते ऐकतात, आणि त्यानंतर मला ऐकतात.

धंदा सुरू आहे. ते प्लगिन अजून माझ्याकडे आहेत, नाचाच्या गाण्यांत वापरतो, त्यांचा काही दोष नाही. फक्त गिऱ्हाईकाने बरोबर आहे म्हटलेल्या फाईलला मी त्यानंतर हात लावत नाही, आणि एखादी जागा मोकळी का आहे हे कळलं नाही तर विचारतो. नवीन गिऱ्हाईकाला हे दोन नियम मी आधीच सांगतो. बहुतेक जण म्हणतात, यात सांगण्यासारखं काय आहे, हे तर सगळेच करत असतील.

मी मान हलवतो आणि कामाला लागतो.